तापाची बंदूक आणि वुहानचे ४१ पेशंट

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

२०२५ च्या जानेवारीत एचएमपीव्हीच्या बातम्या सुरू झाल्या, तेव्हा आमच्या शाळेच्या कपाटातून एका तरुण सहकाऱ्याने ती पांढरी थर्मल गन बाहेर काढली. सेल गळून आत हिरवट झालं होतं. "सर, नवीन सेल टाकू? गेटवर लागेल." मी म्हटलं, नको. तो बघतच राहिला. (एचएमपीव्ही नवीन नव्हताच म्हणा. २००१ मध्येच नेदरलँड्समध्ये सापडला होता. पण टीव्हीला कोण सांगणार.) मी नको का म्हटलं ते स्टाफरूममध्ये पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितोय.

२०२० च्या मे महिन्यात आम्हा शिक्षकांना चेकपोस्टवर ड्युटी लागली होती. मुंबईकर गावी परतत होते, शाळेच्या वर्गांत विलगीकरण चालू होतं. वेशीवर मांडव, टेबल, एक वही आणि ती गन. कपाळावर धरायची, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. आकडा जास्त आला तर बाजूला, नाहीतर "जा, तोंडाचा रुमाल काढू नका." दिवसाला शंभरावर कपाळं व्हायची. उन्हात चालत आलेल्या धडधाकट पोराचा आकडा चढायचा आणि गोळी खाऊन एसटीत बसलेला माणूस आरामात आत जायचा, हे दोन दिवसांत आम्हाला कळलं होतं. तरी ड्युटी ती ड्युटी.

ताप हीच या रोगाची खूण, हे ठरवलं कुणी? हा प्रश्न मला फार उशिरा पडला. मग मिळेल ते वाचत गेलो.

वुहानच्या जिनयिनतान हॉस्पिटलमधल्या पहिल्या ४१ पेशंटांची माहिती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २४ जानेवारी २०२० ला छापून आली. २ जानेवारीपर्यंत दाखल झालेले हे लोक. ३० पुरुष, वयाचा मध्य ४९. आधीपासून डायबेटिस, बीपी, हृदयविकार असं काही असलेले १३. २७ जणांचा हुआनान मासळी बाजाराशी संबंध. आणि लक्षणं: खोकला ३१ जणांना, अंगदुखी किंवा थकवा १८ जणांना, ताप ४१ पैकी ४० जणांना. म्हणजे ९८ टक्के. हा ९८ चा आकडा तेव्हा अख्ख्या जगाच्या डोक्यात बसला. आपल्या वेशीपर्यंत येता येता त्याची बंदूक झाली.

पण त्याच लेखात एक साधं वाक्य आहे. ३१ डिसेंबरपासून जे संशयित या हॉस्पिटलात हलवले ते ५९ होते, आणि ते सगळे ताप आणि कोरडा खोकला असलेले होते. त्यातल्या ४१ जणांत विषाणू सापडला. म्हणजे ताप असलेले आधी निवडले आणि मग त्यांच्यात ताप किती जणांना आहे ते मोजलं! मी मास्तर आहे, मला हे लगेच कळतं. वर्गात हजर असलेल्या पोरांची हजेरी घेतली तर ती शंभर टक्केच भरणार.

यात त्या डॉक्टरांची चूक काढायची नाही. उलट इतक्या कमी दिवसांत, समोर माणसं गुदमरत असताना, त्यांनी एकेक नोंद नीट लिहून ठेवली आणि जगापुढे मांडली. ही छोटी मालिका आहे, दाखल झालेल्यांचीच आहे, मोठ्या संख्येवर तपासावं लागेल, हेही त्यांनीच लिहिलं. आकडा तेवढा पुढे गेला, वाक्य मागे राहिलं.

चाळणी तापाचीच का होती? त्यासाठी २००३ मध्ये जावं लागतं. सार्सच्या साथीत हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स हॉस्पिटलमधल्या १३८ पेशंटांचा असाच अहवाल आला होता. त्यातले निम्मे, ६९ जण, तिथले डॉक्टर, नर्स आणि कर्मचारीच होते. ताप? १०० टक्के. त्या विषाणूची चाल अशी, की माणूस आजारी पडून आठ-दहा दिवस झाले की अंगात विषाणू सर्वांत जास्त. तोवर तो अंथरुणाला खिळलेला असायचा. त्यामुळे तापवाल्याला शोधा, वेगळं ठेवा, संपर्कातल्यांवर नजर ठेवा, एवढं केलं आणि जुलै २००३ मध्ये ती साथ खरोखर आटोक्यात आली. जगभरात ८०९८ रुग्ण, ७७४ मृत्यू, तिथेच थांबली.

त्या यशातून चीनने 'कारण न कळलेला न्यूमोनिया' शोधायची पद्धत बसवली. अटी अशा: ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, एक्स-रेत न्यूमोनिया, पांढऱ्या पेशी कमी किंवा नॉर्मल, आणि तीन ते पाच दिवस औषध देऊनही उतार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नवा पाहुणा आला तेव्हा त्याला पाहिलं गेलं ते या जुन्या चष्म्यातून. आणि हा पाहुणा नेमका वेगळा. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो दुसऱ्याला लागत होता. गावात फिरणारा, बाजार करणारा, अंगात काहीही न जाणवणारा माणूस.

बरं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं का? तर तसंही नाही. त्याच लॅन्सेटमध्ये, त्याच २४ जानेवारीला, शेन्झेनच्या एका कुटुंबाची हकीकत छापली आहे. ही मंडळी वुहानला जाऊन आली होती. त्यांच्यातला दहा वर्षांचा मुलगा ठणठणीत, ना ताप ना खोकला. आईबापाने हट्ट धरला म्हणून त्याचा सीटी स्कॅन केला, तर फुप्फुसात डाग.

मग २८ फेब्रुवारीला मोठा अहवाल आला. चीनमधली ५५२ हॉस्पिटलं, १०९९ पेशंट. दाखल होताना अंगात ताप होता फक्त ४३.८ टक्के लोकांना. नंतर, हॉस्पिटलात असताना, तो आकडा ८८.७ वर गेला. त्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं, की केवळ तापावर नजर ठेवली तर ताप नसलेले रुग्ण सुटतील. तारीख पुन्हा बघा, २८ फेब्रुवारी. महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण पुण्यात सापडले ९ मार्चला, दुबईहून आलेले, नायडू हॉस्पिटलात ठेवलेले. म्हणजे इशारा दहा दिवस आधी छापून तयार होता. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ५७०० दाखल रुग्णांचा अहवाल आला, त्यात येताना ताप असलेले ३० टक्क्यांच्या थोडे वर. आम्ही मे महिन्यात वेशीवर मांडव घातला.

आपल्याकडे आणखी एक चाळणी होती, परदेश प्रवासाची. आयसीएमआरने १५ फेब्रुवारी ते २ एप्रिल या काळात श्वसनाच्या तीव्र आजाराने दाखल झालेल्या ५९११ लोकांच्या तपासण्या केल्या. १०४ पॉझिटिव्ह. त्यातल्या ४० जणांचा ना परदेशाशी संबंध होता, ना कुठल्या रुग्णाशी संपर्क. वास आणि चव जाणं, जे नंतर शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं, ते केंद्राच्या लक्षणांच्या यादीत आलं १३ जूनला.

आता त्या पहिल्या ४१ जणांच्या लेखाकडे परत येतो. त्यात एक आकडा खरंच मोलाचा होता आणि तो आम्ही वाचला नाही. निम्म्याहून जास्त लोकांना धाप लागली होती, आणि आजार सुरू झाल्यापासून धाप लागेपर्यंतचा मध्य होता आठ दिवस. आठ! पहिला आठवडा जेमतेम कणकण, "बरं वाटतंय" म्हणायचं, आणि मग अचानक श्वास. १३ जण आयसीयूत गेले, ६ वारले. गन कपाळाचा आकडा सांगते. कितवा दिवस आहे ते सांगत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये ग्रामपंचायतीने आम्हाला सकाळी डेअरीवर उभं केलं होतं. शेजारचे तात्या कॅन घेऊन आले. मी गन धरली. ९७.२. म्हटलं, "तात्या, ताप नाही तुम्हाला." ते म्हणाले, "ताप न्हायच गुरुजी. नुसतं अंग गळाल्यागत झालंय, सा-सात दीस झालं." मी म्हणालो, "विश्रांती घ्या, पावसाळी हवा आहे." त्याच दिवशी ते तालुक्याच्या एका दवाखान्यातही जाऊन आले. तिथेही ताप नाही म्हणून टेस्ट न करता गोळ्या देऊन परत पाठवलं.

दोन दिवसांनी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेतल्या ताई घरोघरी येत होत्या. त्यांच्याकडे ऑक्सिमीटर होता. तात्यांचं बोट घातलं तर ८१. ताईंनी दुसऱ्या बोटाला लावून पाहिलं, तेच. तात्या खाटेवर बसून त्यांना चहा घ्या म्हणत होते. साताऱ्यात बेड मिळायला रात्र झाली. चौथ्या दिवशी गेले.

मी डॉक्टर नाही. लवकर नेलं असतं तर वाचले असते का, यावर मी बोलणार नाही. त्यांच्या मुलाने मला कधी काही विचारलं नाही.

पण एक मागणी जाहीरपणे करतो, आणि इथे आरोग्य खात्यातले, पंचायत समितीतले जे वाचक आहेत त्यांनी ती मनावर घ्यावी. आमच्या तालुक्यात त्या दोन वर्षांत दाखल झालेल्यांचे केसपेपर गाठोड्यात बांधून पडले आहेत. वाळवीच्या आधी कुणीतरी ते सोडावेत. येताना किती जणांना ताप होता, किती जण परत पाठवून पुन्हा आले, कितव्या दिवशी धाप लागली, एवढं जरी काढलं तरी आपला स्वतःचा कागद होईल. वुहानच्या डॉक्टरांनी ४१ जणांचा महिन्याभरात केला. आपल्याकडे मोजायला त्याच्या कितीतरी पट माणसं आहेत.

ती वही अजून माझ्याकडे आहे. चारच रकाने: नाव, गाव, मोबाइल, ताप. शेवटच्या काही पानांवर डेअरीच्या नोंदी. तात्यांच्या नावापुढे ९७.२ लिहिलंय, माझ्या अक्षरात. सात दिवस झाले म्हणाले होते, ते लिहायला रकाना नव्हता.