उष्णतामापन आणि गूळ-साखर उद्योग

पदार्थाने दिलेल्या किंवा घेतलेल्या उष्णतेची राशी ठरविण्याच्या शास्त्राला उष्णतामापन म्हणतात. तापमान व उष्णतेची राशी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या शास्त्राचे पायाभूत तत्त्व होय. ते स्पष्ट होण्यास अठरावे शतक उजाडावे लागले. सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णाकाठच्या गुऱ्हाळांत आणि साखर कारखान्यांत इंधन किती लागते, हे याच भेदावर अवलंबून असते. म्हणून या उद्योगाच्या संदर्भात त्याचा इतिहास पाहणे उद्‌बोधक ठरते.

सेंट पीटर्झबर्ग येथील गेऑर्ख रिखमान (१७११–५३) यांनी भिन्न तापमानांचे पाणी एकत्र केल्यास येणारे अंतिम तापमान काढण्याचे सूत्र मांडले. ९०° से. तापमानाचे २ किग्रॅ. पाणी ३०° से. तापमानाच्या ३ किग्रॅ. पाण्यात मिसळले, तर मिश्रणाचे तापमान ५४° से. होते. मात्र पदार्थ भिन्न असल्यास हे सूत्र तसेच लागू पडत नाही. समान वस्तुमानाच्या पाण्यापेक्षा पाऱ्याला तापण्यास फार कमी उष्णता लागते, या अनुभवाचा अर्थ स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक (१७२८–९९) यांनी लावला. प्रत्येक पदार्थाची उष्णता ग्रहण करण्याची क्षमता निराळी असते, असे त्यांनी दाखविले. यातूनच विशिष्ट उष्णतेची संकल्पना पुढे आली.

ब्लॅक यांचा दुसरा शोध अधिक महत्त्वाचा आहे. त्यांनी पत्र्याच्या भांड्यात पाणी घेऊन ते तापलेल्या लोखंडी पत्र्यावर ठेवले. पाणी उकळू लागण्यास सु. ४ मिनिटे लागली. ते सर्व आटण्यास मात्र आणखी सु. २० मिनिटे लागली. या २० मिनिटांत उष्णता अखंड मिळत असूनही पाण्याचे तापमान वाढले नाही. ही उष्णता वाफेत दडून राहते, म्हणून तिला सुप्त उष्णता हे नाव मिळाले. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझ्ये व लाप्लास यांनी वितळलेल्या बर्फाच्या वजनावरून उष्णता मोजणारा उष्णतामापक वापरला. उष्णता हा अदृश्य द्रव नसून ऊर्जेचा प्रकार आहे, याला जेम्स जूल (१८१८–८९) यांच्या प्रयोगांनी बळकटी आणली. १९४८ मध्ये जूल हेच उष्णतेचे एकक म्हणून आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वीकारले. जुन्या व्यवहारातील १ कॅलरी म्हणजे सु. ४·१९ जूल होय.

ही तत्त्वे गुऱ्हाळाला लावून पाहता येतात. लोखंडी काहील २०० किग्रॅ. वजनाची व तीत ओतलेला रस १,००० किग्रॅ. आहे असे मानू. लोखंडाची विशिष्ट उष्णता सु. ०·११ असल्यामुळे ही काहील केवळ २२ किग्रॅ. पाण्याइतकी उष्णता धरते. रसाची विशिष्ट उष्णता सु. ०·९ धरल्यास त्याचे जलतुल्य ९०० किग्रॅ. येते. आधीचा गूळ वाफ्यात ओतल्यानंतर ११०° से. तापमानाच्या काहिलीत ३०° से. तापमानाचा रस घातला, तर जाळ सुरू होण्यापूर्वी दोहोंचे अंतिम तापमान सु. ३२° से. होईल. तापलेल्या काहिलीपासून होणारा लाभ इतका अल्प असतो.

हा रस १००° से. पर्यंत तापविण्यास ६३,००० किलोकॅलरी लागतात. त्यापासून २०० किग्रॅ. गूळ होण्यासाठी सु. ८०० किग्रॅ. पाणी आटवावे लागते. वाफेची सुप्त उष्णता दर किग्रॅ.ला ५४० किलोकॅलरी असल्याने त्यास ४,३२,००० किलोकॅलरी लागतात. म्हणजे एकूण उष्णतेचा सु. सात-अष्टमांश भाग वाफेबरोबर उडून जातो. रस आधी कोमट करून घेतल्याने होणारी बचत त्यामुळे मर्यादितच राहते. दर किग्रॅ. गुळास २ किग्रॅ. वाळलेली चिपाडे जळतात आणि त्यांपासून दर किग्रॅ.ला ३,६०० किलोकॅलरी मिळतात असे धरल्यास, चुलवाणातील जेमतेम एक-तृतीयांश उष्णता कामी येते. ओली चिपाडे जाळल्यास त्यांतील पाण्याची वाफ करण्यातही उष्णता खर्ची पडते. चिपाडे उन्हात वाळविण्याच्या प्रथेमागे हेच कारण आहे. अवकाळी पावसाने ती भिजली की गुळव्याला लाकूडफाटा विकत घ्यावा लागतो आणि गुऱ्हाळाचे गणित बिघडते.

या भागातील यंत्रसुधारणा प्रथम रस काढण्याच्या कामात झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. तेथे लोखंडी नांगरांबरोबर उसाचे चरकही तयार होऊ लागले. सातारा जिल्ह्याच्या विभाजनानंतर १९४९ मध्ये बनलेल्या दक्षिण सातारा जिल्ह्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले; किर्लोस्करवाडी आज त्याच जिल्ह्यात आहे. लोखंडी चरकाने रसाचे प्रमाण वाढले, परंतु उघड्या काहिलीतून जाणारी वाफ तशीच वाया जात राहिली.

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकन अभियंते नॉर्बर्ट रिल्यू (१८०६–९४) यांनी १८४३ व १८४६ च्या एकस्वांत दिले होते. बंद पात्रांची मालिका जोडून त्यांनी एका पात्रातील वाफ पुढच्या पात्रातील रस उकळण्यास वापरली. पुढील पात्रात दाब कमी ठेवल्यामुळे रस कमी तापमानाला उकळतो. तीन पात्रांच्या मालिकेत १ किग्रॅ. वाफेने तत्त्वतः सु. ३ किग्रॅ. पाणी आटते. पण निर्वात पंप, बाष्पित्रे व अखंड ऊसपुरवठा हा खर्च एकट्या शेतकऱ्याला झेपणारा नव्हता. सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना व रेठरे बुद्रुक येथील कृष्णा सहकारी साखर कारखाना यांच्या स्थापनेने असे भांडवल एकत्र आले. सहकाराचा विचार सामान्यतः ऊसदराच्या अंगाने होतो. त्याला उष्णतेच्या काटकसरीचीही बाजू आहे.

कारखान्यात उरणाऱ्या बगॅसपासून आज वीजही निर्माण केली जाते. गुऱ्हाळात मात्र बहुतेक चिपाडे चुलवाणातच संपतात. गुळाचा रंग, कण व चव उघड्या काहिलीतील कढण्याशी निगडित असल्यामुळे कारखान्याची पद्धत तेथे जशीच्या तशी लागू करता येत नाही. हवेचा पुरवठा नियंत्रित करणे आणि धुराड्यावाटे जाणाऱ्या उष्ण वायूंवर दुसऱ्या काहिलीतील रस तापविणे, हे तेथील व्यवहार्य उपाय होत. वाचलेले प्रत्येक चिपाड म्हणजे टळलेली वृक्षतोड, हे गुऱ्हाळापुरते या शास्त्राचे फलित आहे.