संगीत नाटक अकादमी

संगीत, नृत्य व नाट्य या प्रयोगकलांसाठी भारत सरकारने स्थापन केलेली राष्ट्रीय संस्था. मुख्यालय नवी दिल्ली. स्थापनेचा ठराव १९५२ चा; उद्‌घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते २८ जानेवारी १९५३ रोजी झाले. पहिले अध्यक्ष पी. व्ही. राजमन्नार. निधी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाकडून येतो. कलाविषयक कारभार मात्र स्वायत्त आहे.

अकादमी कलासंस्थांना अनुदान देते, महोत्सव भरवते, प्रयोगांचे ध्वनिमुद्रण व चित्रण जतन करते. तिचे सर्वांत मोलाचे काम प्रशिक्षणाचे आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालय तिनेच १९५९ मध्ये सुरू केले. १९७५ मध्ये ते स्वतंत्र झाले. मणिपुरी नृत्यासाठी इंफाळ, कथ्थकसाठी दिल्ली येथे तिच्या संस्था आहेत. केरळच्या कूडियाट्टमसारखी, मोजक्या घराण्यांत उरलेली परंपरा केवळ तिकीटविक्रीवर तगणे अशक्य होते. तेथे गुरूंना मानधन आणि शिष्यांना विद्यावेतन देण्याची तिची पद्धत निर्णायक ठरली.

वार्षिक अकादमी पुरस्कार प्रसिद्ध आहेत. सर्वोच्च सन्मान अधिछात्रवृत्तीचा. पु. ल. देशपांडे व विजय तेंडुलकर यांना हे दोन्ही लाभले. चाळिशीच्या आतील कलावंतांसाठी २००६ पासून उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार दिला जातो.