हुसैनारा खातून खटला : कच्च्या कैद्यांची कैफियत

८ आणि ९ जानेवारी १९७९ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये बिहारच्या तुरुंगांविषयीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्याचा आधार होता के. एफ. रुस्तमजी यांनी तुरुंगभेटींत पाहिलेली स्थिती. रुस्तमजी नागपूरजवळच्या कामठीचे, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख आणि त्या वेळी राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य. तुरुंगातील अन्यायाला वाचा फोडणारा माणूस पोलीस खात्यातला होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

वृत्तांत होता कच्च्या कैद्यांचा, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही अशांचा. कोणी पाच वर्षे, कोणी सात, कोणी नऊ, तर काही दहाहून अधिक वर्षे आत होते. त्यांतील कित्येकांवरचे आरोप इतके किरकोळ, की ते सिद्ध झाले असते तरी शिक्षा काही महिन्यांची किंवा वर्षा-दोन वर्षांची झाली असती. काही स्त्रियांवर तर आरोपच नव्हता. त्या पीडित वा साक्षीदार होत्या आणि ‘संरक्षणासाठी’ कोठडीत होत्या!

हा वृत्तांत वाचून वकील कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. कैद्यांच्या यादीतील एका स्त्रीच्या नावावरून खटला ओळखला जाऊ लागला : हुसैनारा खातून विरुद्ध बिहार राज्य.

न्या. पी. एन. भगवती यांनी जलद सुनावणीचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्येच अंतर्भूत असल्याचे सांगितले आणि अनेकांना केवळ जातमुचलक्यावर सोडण्याचे आदेश दिले. पुढे देशभरात सुमारे ४०,००० कच्चे कैदी सुटले, असे सांगितले जाते.

यातील खरी मेख मात्र वेगळीच आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क होताच. पण तो हक्क कैद्याला सांगणारे कोणी नव्हते. आणि जामीन मिळाला तरी जामीनदार आणायचा कोठून? १९७८ च्या मोतीराम प्रकरणात मध्य प्रदेशातील एका गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला गेला. भाऊ पुढे आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून दंडाधिकाऱ्यांनी त्याला नाकारले. न्या. कृष्ण अय्यर यांनी अखेर १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याची सुटका केली.

भगवतींच्या आदेशांनी कैदी सुटले, पण पैशाच्या मापाने जामीन मोजण्याची रीत टिकून राहिली. म्हणूनच तुरुंग पुन्हा भरले, असे माझे मत. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशात ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी.

सुधारणा झाल्याच नाहीत असे नाही. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत गेल्यास सुटकेची तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली. २०२३ मध्ये केंद्राने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी अर्थसाहाय्याची योजना आखली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम ४७९ ने पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यांसाठी ती मर्यादा एक-तृतीयांशावर आणली. जन्मठेप वा फाशीचे गुन्हे वगळून. मात्र त्याच कलमानुसार, ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्ह्यांचे वा खटल्यांचे कामकाज प्रलंबित आहे, त्याला हा लाभ नाही. आणि एकाच प्रकरणात दोन-तीन कलमे लावणे ही तर आपल्याकडची नित्याची गोष्ट.