निर्लेखनाचा हिशेब

सरकारी मोटार दुरुस्त करावी की मोडीत काढावी, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. परंतु त्याचा इतिहास उद्बोधक आहे.

केंद्राच्या १९७८ च्या वित्तीय अधिकार नियमांत २० अश्वशक्तीपर्यंतच्या मोटारीचे आयुष्य दीड लाख किलोमीटर किंवा साडेसहा वर्षे, यांपैकी जे नंतर पूर्ण होईल ते, असे ठरले होते. शिवाय वाहनाचा पुढील वापर किफायतशीर नाही, असा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागे. हा दाखलाच नियमाचा गाभा होता. झालेला खर्च परत येत नाही. म्हणून पुढील वर्षाची दुरुस्ती व इंधन यांची तुलना नव्या वाहनाच्या वार्षिक भाराशी करावी, असे अर्थशास्त्र सांगते.

व्यवहारात मात्र दुरुस्तीची देयके छोटी आणि स्थानिक अधिकारातली, तर नव्या खरेदीला वरिष्ठांची मंजुरी आवश्यक. साहजिकच पारडे दुरुस्तीकडे झुके. २०१४ पर्यंत उत्तरपाड्यात बनणारी अ‍ॅम्बॅसॅडर कोणत्याही गावात दुरुस्त होई. त्यामुळे निर्णय टाळणे आणखी सोपे झाले.

१ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात आली. संरक्षण, कायदा व सुव्यवस्था यांसाठीची विशेष वाहने तेवढी वगळली गेली. जुन्या इंजिनाच्या धुराची किंमत कोणत्याच खात्याच्या वहीत नव्हती, म्हणून ही मर्यादा योग्यच. तथापि ती केवळ शेवटची तारीख ठरवते. दहाव्या वर्षीच खर्चिक झालेल्या गाडीचा हिशेब आजही अधिकाऱ्यानेच मांडायचा आहे.