इंग्रजांच्या कबरस्तानात भूत येतं कुठून? परतवाड्याच्या छावणीपासून अमेरिकेतल्या क्वेकर दफनभूमीपर्यंत

रात्री बाराला जुन्या कबरस्तानात शिरायचं, मोबाईलचा टॉर्च मारायचा, मागे घुंगरांचा आवाज टाकायचा. असे रील तुमच्याही फोनवर आले असतील. गाव बदलतं, गोष्ट तीच राहते. घोड्यावरचा बिनमुंडक्याचा साहेब, पांढऱ्या झग्यातली मॅडम, सिगारेट पेटवायला काडी मागणारा गोरा सोल्जर. इंग्रजांची छावणी होती तिथे यातलं कुणी ना कुणी हटकून सापडतं.

वऱ्हाडात हे साहेब आले कसे?

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी आताच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावजवळ आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला. पुढे एलिचपूरला, म्हणजे अचलपूरला लागून हैदराबाद कन्टिन्जन्टची छावणी बसली. फौज निजामाच्या पैशावर, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. ती छावणी म्हणजेच आपलं परतवाडा. या फौजेच्या खर्चापोटीच १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीकडे सोपवलं.

छावणी आली की कबरस्तान आलंच. यातले फार थोडे लढाईत मेले. बाकीच्यांना पटकी, हिवताप आणि हगवणीने नेलं. त्यात बाळंतपणात गेलेल्या बायका होत्या आणि वर्षाचीही न झालेली लेकरं होती. गोऱ्या माणसाचं आयुष्य हिंदुस्थानात दोन पावसाळे, असं तेव्हा इंग्रजच म्हणायचे.

१९०३ मध्ये हैदराबाद कन्टिन्जन्ट भारतीय सैन्यात विलीन झाली. छावणीची सद्दी संपली, एलिचपूर जिल्हासुद्धा १९०५ मध्ये अमरावतीत मिसळला. साहेब गेले, कबरी राहिल्या. आणि भुताच्या गोष्टीला लागतं ते नेमकं हेच: मेलेला माणूस आहे, पण त्याचं म्हणायला कुणी नाही.

आपल्याकडची भुतं आठवून बघा. मुंज झाली पण लग्नाआधी मेला तो मुंजा, तो पिंपळावर. बाळंतपणात गेली ती हडळ. वासना अडकून राहिली किंवा मागे कुणी क्रियाकर्म करणारं उरलं नाही तो समंध. प्रत्येक भुतामागे काहीतरी अर्धवट राहिलेलं असतं. परक्या मुलखात पुरलेला तरुण साहेब या हिशेबात अगदी चपखल बसतो. ना श्राद्ध, ना पिंड, ना दिवा लावणारं माणूस. त्याच्या धर्मात पिंडदान नसतं, हे गोष्ट सांगणाऱ्याला कशाला हवंय?

परतवाड्याच्या वर, मेळघाटात, कोरकूंची रीत या संदर्भात बघण्यासारखी आहे. ते प्रेत पुरतात, पण काम तिथे संपत नाही. नंतर सवडीने ‘सिडोली’चा विधी होतो. सागवानी फळीवर चंद्र-सूर्य, घोडेस्वार कोरून मृताच्या नावाने ती रोवतात. तिला ‘मुंडा’ म्हणतात. हे झालं की मेलेला माणूस पूर्वजांत जाऊन बसतो. तोवर त्याचा जीव घुटमळत असतो, असं मानलं जातं.

दर वेळी साहेबाचं भूत घाबरवतंच असंही नाही. मुंबईचा गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्ये दापोडीला वारला, पुण्याच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याला पुरलं. तो गेला त्या संध्याकाळी एक मांजर त्याच्या नेहमीच्या वाटेने फिरताना दिसलं म्हणे. साहेबच मांजर होऊन आला, असं पहारेकऱ्यांनी ठरवलं आणि पुढे वर्षानुवर्षं रात्री दारातून जाणाऱ्या प्रत्येक मांजराला सलामी देत राहिले, असा किस्सा एका ब्रिटिश जनरलने आठवणींत लिहून ठेवलाय. नेमकं मांजर कोणतं हे माहीत नसल्याने सगळ्यांनाच सलाम!

आता अमेरिका. पेनसिल्व्हेनियात पेरिऑपोलिस गावाजवळ क्वेकरांची जुनी दफनभूमी आहे, तिथे १८९५ ची एक छोटी दगडी इमारत आहे. क्वेकर हा १७ व्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेला ख्रिस्ती पंथ. त्यांचे मिशनरी आपल्या शेजारीही आले होते, सातपुड्यापलीकडे होशंगाबाद-इटारसीकडे. मेल्यावर कुणी लहान-मोठं नाही, म्हणून हे लोक बराच काळ कबरीवर दगडच लावत नसत. ब्रिटनमधल्या क्वेकरांनी साध्या, एकसारख्या दगडांना परवानगी दिली ती १८५० मध्ये. वस्ती पांगली की अशी जागा आणखीच ओसाड वाटते. पेरिऑपोलिसच्या त्या इमारतीत चेटकिणींना मारलं, असं तिथली पोरं एकमेकांना सांगतात. गंमत म्हणजे, पेनसिल्व्हेनिया वसवणारा विल्यम पेन स्वतः क्वेकर. त्याच्यासमोर १६८४ च्या सुरुवातीला मार्गारेट मॅटसन या बाईवर चेटकाचा खटला चालला, आणि चेटूक केल्याच्या आरोपातून ती सुटली.

रात्री दिसणाऱ्या पांढऱ्या आकृतीचं म्हणाल, तर गव्हाणी घुबड ओळखून ठेवा. पोटाकडून पांढरं, उडताना पंखांचा आवाज नाही, ओरडणं किंकाळीसारखं, आणि राहायला आवडतात पडक्या इमारती.

खरं नुकसान वेगळंच आहे. भुताच्या अफवेमागोमाग गुप्तधनवाले येतात, कबरी उकरतात. संगमरवर आणि लोखंडी कठडे विकले जातात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ नुसार, कुणाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने किंवा त्या दुखावतील हे माहीत असताना दफनभूमीत घुसखोरी केली, तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रील काढणाऱ्यांनी हे वाचून ठेवलेलं बरं.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या अशा कबरींवरचे लेख ओ. एस. क्रॉफ्टन या अधिकाऱ्याने गोळा केले आणि १९३२ मध्ये त्यांची यादी छापली. दक्षिण आशियातल्या जुन्या युरोपियन कबरींच्या नोंदी ठेवणारी ‘बाक्सा’ नावाची संस्था लंडनमध्ये १९७० च्या दशकापासून काम करतेय. तेव्हा असा एखादा दगड दिसलाच तर दिवसाउजेडी, परवानगी काढून, त्यावरच्या अक्षरांचा स्वच्छ फोटो घ्या. नाव, पलटण, वय, मृत्यूची तारीख. सकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरं जास्त चांगली वाचता येतात.