राजदूताची वाट आणि बाबासाहेबांचा टांगा

नशिराबादच्या टोलनाक्यावर थोडा वेळ उभे राहा. सुरतेकडून नागपूरकडे आणि नागपूरकडून सुरतेकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग तुटत नाही. खानदेश हा पूर्वीपासूनच व्यापाराच्या वाटेवरचा मुलूख. आमच्या नशिराबादच्या काचेच्या बांगड्या एकेकाळी नावाजलेल्या होत्या. तापी ओलांडली की पलीकडच्या काठाने जुनी सुरत–बऱ्हाणपूर वाट जात असे. नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर ही त्या वाटेवरची गावे. १६१५ च्या नोव्हेंबरात याच वाटेने इंग्लंडचा राजदूत टॉमस रो गेला. त्या काळच्या भाषेत सांगायचे तर इंग्लंडच्या राजाचा वकील.

दोन देशांच्या मैत्रीचा इतिहास बहुतेक वेळा राजदूतांच्या आठवणींतून लिहिला जातो. त्यात नजराणे असतात, मेजवान्या असतात, व्यापाराचे आकडे असतात. आपण आंबेडकरी कार्यकर्त्यांनी असा इतिहास वाचताना एकच साधा प्रश्न विचारला पाहिजे: हा वकील नेमका कोणाचा?

रो याचेच उदाहरण घ्या. त्याची नेमणूक राजा पहिला जेम्स याने केली. पण वर्षाला ६०० पौंड पगार ईस्ट इंडिया कंपनीने द्यायचा होता. नाव राजाचे, काम कंपनीचे. बऱ्हाणपुरात तेव्हा जहांगीरचा मुलगा शहजादा परवेझ होता. त्याच्या दरबारात शिरताना रोला डोके जमिनीला टेकवून मुजरा करायला सांगण्यात आले. त्याने नकार दिला. मी मानाने आलो आहे, चाकरांचा रिवाज मला लागू नाही, अशी त्याची भूमिका होती. पुढे त्याने बसायला खुर्ची मागितली. ती मिळाली नाही, पण छताच्या चांदीने मढवलेल्या खांबाला टेकून उभे राहण्याची मुभा मिळाली. त्याच भेटीत बऱ्हाणपुरात इंग्रजांची वखार घालायलाही शहजाद्याने मान्यता दिली.

परमुलखातला माणूस भर दरबारात वाकायला नकार देतो आणि तरीही त्याचे काम होते. का? कारण त्याच्या मागे एक राजा होता, कंपनीचे भांडवल होते, समुद्रावर जहाजे होती. त्याचा मान त्याच्या एकट्याचा नव्हता. त्याला पाठवणाऱ्या सत्तेचा तो मान होता.

या वाटेवरची गावे रोने कशी पाहिली? सगळी घरे मातीची, वाटसरूला टेकायला धड जागा नाही, असे त्याचे निरीक्षण आहे. निरीक्षण खरे असेल. पण बऱ्हाणपूरचे तलम कापड परदेशात नावाजले जात होते. त्याचा कापूस वेचणारे, सूत कातणारे, माल वाहणारे हात त्याच मातीच्या घरांतून येत होते. गावात आलेल्या वाटसरूला वाट दाखवणे आणि सरकारी कामासाठी राबणे हे महाराच्या वतनातले काम. व्यापाराच्या इतिहासात हा माणूस कुठे आहे? शहजाद्याला दिलेल्या नजराण्यांची नोंद राहते, ओझे वाहणाऱ्याची राहत नाही.

रोने कंपनीला एक सल्लाही दिला होता. नफा हवा असेल तर तो समुद्रावर आणि शांततेच्या व्यापारात शोधा, किल्ले आणि लढायांत पैसा घालू नका. कंपनीने पुढे काय केले ते आपल्याला माहीत आहे. १८१८ मध्ये खानदेशही तिच्या ताब्यात गेला. आणि रो भारतात उतरल्यानंतर बरोबर ३०० वर्षांनी, १९१५ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एका महार सुभेदाराच्या मुलाने एम. ए. साठी याच कंपनीच्या कारभाराचा आणि हिशेबाचा प्रबंध लिहिला. भारताने इंग्लंडला दिले ते अफाट आणि इंग्लंडने भारताला दिले ते शून्यवत, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्यांच्या श्रमाची नोंद कोणी ठेवली नाही, त्यांच्यातल्याच एकाने व्यापाराची वही तपासायला घेतली.

आता त्याच खानदेशातला दुसरा प्रवास पाहू. साल १९२९. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे, म्हणजे स्टार्ट समितीचे, ते सभासद होते. धुळे मार्गावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनावर आपली माणसे हार घेऊन उभी होती. भाड्याचे टांगेही उभे होते. पण अस्पृश्य माणसाला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तोड निघाली: टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. हाकणारा नवखा होता. नदीवरच्या फरशीवर चाक दगडाला धडकले. घोडा आणि टांगा नदीत गेले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवला आहे.

पुस्तकाच्या या नावाकडे लक्ष द्या. व्हिसा हा परराष्ट्र खात्याच्या कारभारातला शब्द. तो परदेशी माणसाला लागतो. रो परदेशी होता, त्याला खानदेशातून वाट मिळाली. बाबासाहेब याच मातीतले, तरी स्वतःच्याच देशात प्रवेशाची वाट पाहत होते. बॅरिस्टरची पदवी आणि सरकारी नेमणूक टांगेवाल्याच्या जातीच्या मानापुढे कुचकामी ठरली. कारण सरकारी समितीवर नेमलेला माणूस हा सरकारचा माणूस. समाजाने निवडून पाठवलेला प्रतिनिधी अजून कुठे होता?

चाळीसगावच्या अपघातानंतर वर्षभराच्या आतच, ऑक्टोबर १९३० मध्ये, बाबासाहेब लंडनला निघाले. ज्या इंग्लंडच्या राजाने खानदेशच्या वाटेने आपला वकील धाडला होता, त्याच गादीवरच्या राजाने गोलमेज परिषदेचे उद्घाटन केले. तिथे बाबासाहेब अस्पृश्यांचे वकील म्हणून उभे राहिले. सरकारचे निमंत्रण असूनही इंग्रजी राज्यात अस्पृश्यांची स्थिती बदलली नाही, हे त्यांनी तिथेच ठणकावून सांगितले. रो वाकला नाही, कारण त्याच्या मागे राजा होता. बाबासाहेब वाकले नाहीत, तेव्हा त्यांच्या मागे ना राजा होता, ना कंपनी. हा फरक आपण विसरता कामा नये.

स्वतंत्र मतदारसंघाची मागणी याच प्रश्नातून आली होती. वकील ज्याच्या मर्जीवर जगतो, त्याचेच बोलतो. म्हणून अस्पृश्यांचा प्रतिनिधी अस्पृश्यांच्याच मतांवर निवडून आला पाहिजे. १९३२ च्या पुणे कराराने ते होऊ दिले नाही. राखीव जागा वाढल्या, पण अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाच्या हाती गेली.

आज आपले राजदूत परदेशात बुद्धाचे नाव घेतात. जपानच्या कोयासान विद्यापीठात २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात त्यांची १२५ वी जयंती साजरी झाली. आनंदच आहे. पण २००१ मध्ये दरबानच्या वंशभेदविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न घेऊ नये म्हणून भारत सरकारने जोर लावला होता, हेही लक्षात ठेवा. पुतळा चालतो, प्रश्न चालत नाही!

रावेरची केळी आज आखाती देशांत जातात. या व्यापाराचेही उद्या कौतुकाने लेख लिहिले जातील. मित्रहो, त्यात केळीचे घड कापणाऱ्याची, गाडी भरणाऱ्याची मजुरी किती, हे कोण लिहिणार? ते राजदूताचे काम नाही, आपले आहे. आपल्या गावाच्या, आपल्या वस्तीच्या नोंदी आपणच ठेवल्या पाहिजेत. आणि कोणी आपल्या वतीने बोलायला उभा राहिला, तर आधी विचारा: तुला कोणी पाठवले?

जय भीम!