तळटीप १४ : ‘आजचा कौल’

१४. आजचा कौल : वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरचा रोजचा प्रश्न. उत्तरे तीनच : ‘हो’, ‘नाही’, ‘सांगता येत नाही’. बटण दाबताच टक्केवारी दिसते. दुबार मत अडवायला ब्राउझरमध्ये ‘कुकी’ नावाची खूण राहते. ती पुसली किंवा दुसरा फोन घेतला, की पुन्हा मत देता येते. म्हणूनच हजीऱ्याच्या (सुरतेजवळ, तापीच्या मुखाशी) वसाहतीतून लेखकाने एका रात्रपाळीत दिलेले तिन्ही ‘हो’ मोजले गेले. जे आपणहून येतात त्यांचेच हे मत. नमुना निवडलेला नसतो. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे त्याच्या निवडणूक-चाचणीच्या २० लाखांहून अधिक मतपत्रिका परत आल्या, तरी अध्यक्ष रूझवेल्ट हरतील हे त्याचे भाकीत साफ चुकले. कोकणात देवाला लावतात तो कौल निराळा. तिथे मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांपैकी उजवी पडली तर बहुधा होकार.